माहेराला फोन लागत नाही

२ जानेवारी २००३, गुरुवार

…त्या दिवशी नळ पहाटे पाचलाच आला होता. दोन हंडे आणि पिंप भरून घेतलं. अंगण झाडलं, सडा टाकला. एका बाजूला चहा, एका बाजूला तवा. ह्यांचा डबा भरला — मेथीची भाजी, दोन भाकरी, ठेचा कागदात वेगळा बांधलेला. खाकी शर्टाचं एक बटण तुटलं होतं ते उभ्या उभ्याच लावून दिलं. हे बुटाची नाडी बांधत होते. बांधता बांधता थांबले आणि म्हणाले, "गिरजे, तू जेवतेस कधी गं? लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तुला जेवताना मी एकदाबी पाह्यलं न्हाई."

मी म्हटलं, "जेवते की! तुम्ही गेल्यावर."

हसले. शिट्टी खिशात टाकली आणि स्टँडवर गेले. कंट्रोलर होते ना — जालना स्टँडवर पंचवीस वर्षं लोकांना गाड्यांत बसवलं.

त्या महिन्यापासून संकष्टीचा उपास तेही धरायला लागले. माझा आधीपासून होताच. चंद्र उगवेपर्यंत दोघंही उपाशी, मग दोघांनी एकाच वेळी ताटावर बसायचं. महिन्यातून एकदा! दुपारी कॅन्टीनमध्ये भजी खायचे ते मला माहीत होतं. शर्टाला वास यायचा. मी कधी बोलले नाही.

हे सगळं आज का आठवलं? झुंबरबाईंमुळे. त्यांचं उद्या लिहीन. डोळे दुखतात.

३ जानेवारी

झुंबरबाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. हसनाबादला एकट्या असतात. एक तारखेला डोळ्यांचं औषध घ्यायला जालन्याला आल्या होत्या. मुलगा मच्छिंद्र वापीला कारखान्यात आहे, तो तेवीस तारखेला येऊन त्यांना घेऊन जाणार. कायमचं. घराचं छप्पर गेलंय, गुडघे गेलेत, एकटीनं कसं राहायचं?

मी विचारलं, "बाई, करमेल का तुम्हाला तिकडं?"

"चौथ्या मजल्यावर हाय घर. तिथल्या चिमण्या बी गुजरातीत बोलत असतील. मी काय बोलू त्यांच्यासंगं?"

मग चहा पिता पिता पेपरातून पडलेली जाहिरात त्यांना दिसली. मी वाचून दाखवली. औरंगाबाद रोडला 'मौजमळा' झालाय ना — पाण्याच्या घसरगुंड्या, झुकझुक गाडी, खोटं खेडं. त्या खेड्यात जेवायचं हॉटेल आहे, नाव 'माहेर'. दारात भाकरतुकडा ओवाळतात. पायावर कोमट पाणी घालतात. पाटावर बसवून आग्रह करकरून वाढतात. निघताना ओटी भरतात!

झुंबरबाईंनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही, चित्र बघत राहिल्या. त्यांचं माहेर धावड्याचं. भाऊ वारला, घर विकलं, बावीस वर्षं झाली तिकडं पाऊल नाही. माझं तर लग्नाआधीच संपलं होतं.

म्हणाल्या, "गिरजे, जायच्या आधी एकदा मला हितं नेशील का? कुनीतरी वाढलेलं खायचंय."

मी म्हटलं, त्यात काय! जाऊ की!

आता हातात वीस दिवस आहेत.

५ जानेवारी, रविवार

आज एकटीच जाऊन आले — बघून यावं, जमलं तर जागा धरून ठेवावी म्हणून.

बाई गं! केवढी ती माणसं! 'माहेर'च्या दारात ही रांग. आत ओसरीवर पाट मांडलेले, त्यातले कितीतरी रिकामे. पुढं पाटी — 'राखीव'. मला वाटलं, जो आधी बसेल त्याच्यासाठी राखीव. मी आपली गेले, एका पाटावर ह्यांचा रुमाल टाकला, दुसऱ्यावर माझी पिशवी ठेवली, आणि बाहेर निंबाखाली येऊन बसले. इतकी वर्षं कंट्रोलरची बायको — जागा कशी धरायची ते मला कोण शिकवणार?

दहा मिनिटांनी टाय घातलेला मॅनेजर आला. हातात रुमाल आणि पिशवी.

"काकू, हे तुमचं का?"

"हो. दोन जागा धरल्यात."

"अहो, ही काय एसटी आहे का?"

"एसटीत तरी जागा मिळते!"

रांगेतली माणसं हसली. तोही हसला, चांगला होता बिचारा. म्हणाला, इथं सगळं फोनवर. रोज सकाळी नऊ ते दहा. आधी नोंदवल्याशिवाय पाट मिळत नाही, प्रत्यक्ष कलेक्टर आले तरी. नंबरचा कागद दिला. रुमालाची घडी घालून दोन्ही हातांनी परत दिला, ते मला आवडलं.

माहेराला जायचं तर आधी फोन करून जागा धरायची! घरी येईपर्यंत हसू येत होतं.

६ जानेवारी

नऊला गल्लीतल्या वसंताच्या एसटीडी बूथवर. एंगेज. दहापर्यंत एंगेज.

७ जानेवारी

एंगेज. वसंतानं स्वतः लावून बघितला. म्हणाला, "काकू, दुबईला लागतो फोन, तुमच्या माहेराला लागत न्हाई."

८ जानेवारी

लागला! पावणेदहाला लागला. पलीकडं मुलगी. गोड आवाज. मी म्हटलं, "दोन जणी आहोत, कोणताही दिवस चालेल, तेवीसच्या आत."

"रविवारी चारपेक्षा कमी माणसं घेत नाही, काकू."

"मग सोमवार?"

"सोमवार भरला. बुधवार भरला. गुरुवारी शाळेची सहल आहे. होल्ड करा हं —"

होल्ड केलं. सनई वाजली. सनई वाजता वाजता फोन कट झाला. परत लावला तर एंगेज.

वसंता कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "चार माणसं पाह्यजेत ना? मी येतो, बायकोला आणतो. साडी नेसू का?"

मी म्हटलं, "नेस. मिशी काढशील का पण?" बूथवरच्या सगळ्यांना चहा सांगितला त्यानं. माझं काम आता सगळ्या गल्लीला माहीत झालंय. किराणावाला विचारतो, "लागला का माहेराला?"

९ जानेवारी

एंगेज. सकाळ सगळी फुकट. दुपारी लायब्ररीत गेले, एक प्रवासवर्णन आणलं.

वाचायला मी बसच्या पाट्यांवरून शिकले. ह्यांचा डबा द्यायला स्टँडवर जायचे, तिथं उभी राहून एकेक अक्षर जुळवायचे. भो-क-र-द-न. के-दा-र-खे-डा. पहिला मोठा शब्द वाचला तो 'राखीव' — बाकड्यावर लिहिलेला. 'अपंगांसाठी राखीव'. तेव्हा वाटलं होतं, काय सुंदर शब्द आहे! जागा ठेवलेली असते आपल्यासाठी, आपण उशिरा गेलो तरी.

१० जानेवारी, शुक्रवार

मिळाली! मिळाली! मिळाली!

नऊ वाजून चार मिनिटांनी लागला. तीच मुलगी. "काकू, तुम्हीच ना त्या दोन जणी? मंगळवारी एकवीस तारखेला या. दुपारी साडेबारा. सगळी ओसरी रिकामी आहे, कुठल्याही पाटावर बसा!"

सगळी ओसरी रिकामी! मी आनंदानं "हो हो" म्हटलं, नाव दिलं, वसंतानं एकवीस तारीख पाटीवर खडूनं लिहिली. मी पेढे वाटायचीच बाकी होते. हसनाबादच्या कंडक्टरबरोबर झुंबरबाईंना निरोप धाडला: वीस तारखेला संध्याकाळी मुक्कामाला या, चांगली साडी घेऊन.

सगळी ओसरी रिकामी का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

१३ जानेवारी

भोगी. तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, एकटीसाठी दोन. एक उरली.

१४ जानेवारी, संक्रांत

हसावं का रडावं!

शेजारच्या चांगुणाबाई तिळगूळ घेऊन आल्या. मला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत पण तिळगूळ आठवणीनं आणतात. बसल्या बसल्या म्हणाल्या, "काकू, मंगळवारी पायी चलता का राजूरला? आमचा सगळा भजनी मंडळाचा गट निघालाय."

मी म्हटलं, "मंगळवारी काय आहे?"

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "अंगारकी न्हाई का!"

अंगारकी! सगळा जिल्हा राजूरच्या गणपतीला लोटतो त्या दिवशी. रात्रीपासून माणसं चालत निघतात. जालन्यात पोरंसोरंसुद्धा उपाशी असतात. 'माहेर'ची ओसरी रिकामी नसेल तर काय होईल? आणि हे मला समजलं नाही — मला! ह्यांची दर अंगारकीला डबल ड्यूटी असायची, राजूरच्या जादा गाड्या सोडायच्या असायच्या. मी अंगारकी विसरले!

वसंताला सांगितलं. आधी त्याला हसूच आवरेना. मग म्हणाला, "काकू, घरात कॅलेंडर न्हाई का?"

"आहे."

"मंग?"

"मागच्या वर्षीचं आहे."

 त्यानं दुकानातलं एक गुंडाळून दिलं.

कॅलेंडर दरवर्षी हेच आणायचे. मागचं पण ह्यांनीच आणलं होतं, मार्चपर्यंतच्या चौकोनांत ह्यांच्या अक्षरात लिहिलंय — 'सिलिंडर', 'दाढ दाखवणे', 'गिरजाचा चष्मा'. एप्रिलपासून कोरं आहे. ते काढावंसं वाटलं नाही, एवढंच. त्यात काही मोठं नाही.

१५ जानेवारी

फोन केला. दुसरा दिवस मिळेल का? "काकू, आता एकदम सात फेब्रुवारी."

सात फेब्रुवारीला झुंबरबाई वापीच्या चौथ्या मजल्यावर असणार.

"बरं, उपासाचं ताट मिळेल का? साबुदाणा, भगर, काहीही?"

"नाही हो. मेनू फिक्स आहे. माहेरात उपास नसतो, काकू."

वसंता म्हणाला, "हे तिनं बराबर सांगितलं."

१७ जानेवारी

झुंबरबाईंना बूथवर बोलावून घेतलं होतं हसनाबादच्या. सगळं सांगितलं. त्या उपास करत नाहीत. कधीच केला नाही. मी म्हटलं, "बाई, तुम्ही जेवा. मी शेजारच्या पाटावर बसते. तुम्हाला वाढलेलं बघेन, माझंही पोट भरेल."



त्या म्हणाल्या, "मी न्हाई येत."

"का?"

"जल्मभर दुसऱ्याला जेवताना बघितलं आपन दोघींनी. उंबऱ्याजवळ उभं राहून. कुनाला काय पाह्यजे, कुनाचं ताट सरलं. आता पैसे देऊन, गाडीनं जाऊन, तेच करायचं? तू जेवनार असशील तर मी येते. न्हाईतर ऱ्हाऊ दे. बिलकुल न्हाई."

आणि फोन ठेवला. मोठ्या आहेत, त्यांच्यापुढं बोलता येत नाही.

१८ जानेवारी

उपास मोडायचा प्रश्न देवाचा असता तर मी राजूरला जाऊन माफी मागितली असती. गणपती समजूतदार आहे.

पण तो उपास देवाचा उरलाय कुठं? चतुर्थीला चंद्रोदयाच्या वेळी हे गच्चीवर उभे राहायचे आणि स्टँडवरच्या भोंग्यासारखा आवाज काढायचे — "प्रवाशांनी लक्ष द्यावे! चंद्रोदयाची गाडी चाळीस मिनिटे उशिरा धावत आहे!" गल्लीतली पोरं हसायची. मग गाडी लागली की खाली येऊन दोन पाट मांडायचे, स्वतः. माझाही. महिन्यातलं तेवढं एक जेवण आमचं.

ते गेल्यापासून आठ-नऊ संकष्ट्या झाल्या. मी एकटी गच्चीवर जाते, चंद्र बघते, खाली येते, दोन पाट मांडते. कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी जेवून बसले तर त्या चंद्रोदयाला मी काय करू?

१९ जानेवारी, रविवार

वसंताचं कॅलेंडर लावलं. त्याच खिळ्याला, जुन्याच्या वर. खाली ते आहेच.

एकवीसच्या चौकोनात गणपतीचं एवढं लाल चित्र! आंधळीलाही दिसावं.

फोन करून जागा सोडून द्यावी असं दोनदा मनात आलं. आश्चर्य म्हणजे दोन्ही वेळा फोन लगेच लागत होता. मीच ठेवला.

२० जानेवारी

झुंबरबाई आल्या! संध्याकाळच्या गाडीनं, पिशवीत हिरव्या काठाची साडी. दारातूनच विचारलं, "जेवनार का न्हाई?"

मी म्हटलं, "आधी आत तर या."

"म्हंजे न्हाई. मंग मी साडी पिशवीतच ठेवते."

पिठलं-भाकरी केली. झोपायला खाली दोन अंथरुणं टाकली. बाहेरच्या खोलीत ह्यांचा पलंग आहे. त्यांनी विचारलं, "हितं कोन झोपतं?"

"कुणी नाही."

"मंग आपन दोघी म्हाताऱ्या फरशीवर का?"

 त्या अंथरुणावर बसून गुडघे चोळत राहिल्या. मग आपणहून म्हणाल्या, "भाऊजी मला हसनाबादच्या गाडीत बसवायचे. कितीबी गर्दी असू दे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. एकदा मी लाजंनं उभीच ऱ्हायले, दुसरी बाई बसली. लई चिडले. म्हनले, वहिनी, मी जागा काय हवा बसायला धरली का?"

दोघी हसलो. खूप हसलो. मग मी म्हटलं, "साडी काढून ठेवा. सकाळी चुण्या जातील."

२१ जानेवारी, मंगळवार

सगळं जग राजूरकडं चाललं होतं आणि आम्ही दोघी उलट्या दिशेला! औरंगाबादच्या गाडीत बसायला भरपूर जागा. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, आज अंगारकी, मौजमळ्याला काय काढलं?" झुंबरबाई म्हणाल्या, "माहेराला चाललो."

ओसरीवर खरंच कुणी नव्हतं. आम्ही दोघी आणि कोपऱ्यात एक शीख कुटुंब. दारात एका मुलीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं — चांगलं कोमट होतं. म्हणाली, "आलीस का गं बाई? उन्हाचं आलीस." तिच्या छातीवर बिल्ला होता: 'वहिनी क्र. ३'.

झुंबरबाईंनी मला विचारून घेतलं काय लिहिलंय. मग म्हणाल्या, "तीन नंबरची वहिनी! मला एकच होती, तीबी बोलत नव्हती."

पाटावर बसलो. रांगोळी होती. पुढं ताट आलं. बाजरीची भाकरी, भरीत, येसराची आमटी, शेंगोळे, गुळावर तूप. आमटी पातळ होती, माझी जास्त चांगली होते. भाकरी मात्र टम्म फुगलेली, हाताला चटका देणारी. इतकी वर्षं भाकरी केली, माझ्या ताटात पडलेली कधी गरम नव्हती.

झुंबरबाईंनी हात लावला नाही. माझ्याकडं बघत बसल्या. वहिनी क्रमांक तीनही वाढायचं भांडं घेऊन थांबली.

मी भाकरीचा तुकडा मोडला.

पुढचं नीट आठवत नाही, कारण मी जेवत होते. "घे गं, अजून अर्धी." "लाजतेस काय, आपलंच घर आहे." पाठ केलेली वाक्यं — पण ऐकायला बरी वाटतात. झुंबरबाईंनी तीन भाकरी खाल्ल्या. हळू, एकेक घास बघून.

निघताना ओट्या भरायच्या होत्या. मुलीनं तांदूळ घेतले, आमच्या कपाळाकडं बघितलं आणि हात तसाच राहिला. लहान होती, गोंधळली. मी म्हणणार होते, राहू दे. तेवढ्यात झुंबरबाईंनी पदर पसरला. म्हणाल्या, "घाल माय. तांदळाला काय समजतंय?"

तिनं घातले. मलाही घातले. आणि ठरलेलं वाक्य म्हणाली, "पुन्हा कधी येशील गं बाई?"

झुंबरबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतका वेळ बोलणारी बाई! पदरातले तांदूळ दोन्ही हातांनी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. ती मुलगी वाट बघत होती, तिला वाटलं ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.

संध्याकाळच्या गाडीनं त्यांना हसनाबादला बसवून दिलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पदराची गाठ तशीच होती.

साडेनऊनंतर चंद्र उगवला. गच्चीवर गेले. भूक नव्हती. ह्यांना सांगितलं — आज जेवून आले, गरम होती. खाली येऊन पाट मांडले नाहीत. पलंगाकडं मात्र बराच वेळ बघत बसले.

२२ जानेवारी

सकाळी ह्यांच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. वसंताच्या बूथवरून मच्छिंद्रला फोन केला — एका दमात लागला — म्हटलं, तिकीट रद्द कर, तुझी आई आता जालन्याला माझ्याजवळ राहील. सातच्या गाडीनं हसनाबादला गेले. येताना गर्दी होती. खिडकीतून ह्यांचा रुमाल टाकला आणि दोन जागा धरल्या.